नैनितालची कॉर्बेट मंडळी आणि आईने उभा केलेला घरभाड्याचा धंदा

किनारवाट

गेल्या ऑक्टोबरात आम्ही सातजणी कुमाऊंला जाऊन आलो. काठगोदामला उतरून गाडीने वर नैनितालला. तळ्याच्या वरच्या टोकाला मल्लीताल, खालच्या टोकाला तल्लीताल आणि मध्ये दीड किलोमीटरच्या आत-बाहेर पसरलेलं हिरवं पाणी. ड्रायव्हरने एका झाडीभरल्या डोंगराकडे बोट दाखवलं, "वो अयारपाटा, उधर कॉर्बेट साहब का घर." सगळ्याजणी त्या दिशेला बघायला लागल्या, कारण आमच्यातल्या प्रत्येकीने शाळेत असताना शिकारी जिम कॉर्बेटच्या नरभक्षक वाघांच्या गोष्टी मराठीतून वाचलेल्या. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एक साधा प्रश्न बसला. हा माणूस नरभक्षक मारायचे पैसे घेत नसे. मग यांच्या घरात चूल कशावर पेटायची?

परत आल्यावर त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. सापडली ती त्याची आई, मेरी जेन. तिच्याबद्दल मराठीत फारसं काही लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा धागा.

आधी गाव कसं वसलं ते. ट्रेल नावाच्या कमिशनरने १८२३ मध्ये हे तळं पाहिलं होतं, पण स्थानिकांसाठी ती पवित्र जागा म्हणून त्याने त्याचा बोभाटा केला नाही. १८४१ मध्ये शाहजहानपूरजवळच्या रोझा इथला साखरेचा व्यापारी पी. बॅरन तिथे पोचला आणि वेडाच झाला. परत गेला, 'पिलग्रिम' या टोपणनावाने वर्तमानपत्रात लिहिलं आणि पुढच्या खेपेला चक्क एक नाव घेऊन आला. तळ्यावर हक्क सांगणारा थोकदार (काही गावांचा प्रमुख) नरसिंग याला त्या नावेत बसवून मधोमध नेलं आणि सही कर, नाहीतर बुडवतो अशी धमकी देऊन कागदावर सही घेतली. ही गोष्ट नैनितालमध्ये गमतीने सांगतात. मला ती ऐकताना गंमत वाटली नाही. ज्याला पोहता येत नाही अशा माणसाला भर पाण्यात नेऊन त्याची जमीन घेतली, एवढंच त्यात आहे. त्याच नरसिंगला नंतर महिना पाच रुपयांवर पटवारी नेमलं.

तर अशा रीतीने तळ्याकाठी बंगले उठायला लागले. १८४४ मध्ये 'सेंट जॉन इन द विल्डरनेस' या चर्चची जागा ठरली. १८६२ च्या सुमाराला वायव्य प्रांताचं (साधारण आजच्या उत्तर प्रदेशाचं) सरकार उन्हाळ्यात तिथे मुक्काम हलवू लागलं. सरकार आलं की कारकून येतात, कचेऱ्या येतात, मेमसाहेब येतात, मुलांच्या शाळा येतात, आणि या सगळ्यांना सहा-सात महिने राहायला घर लागतं.

त्याच १८६२ मध्ये क्रिस्टोफर विल्यम कॉर्बेट पोस्टमास्तर म्हणून बदलून आला. जन्म मेरठचा. सैन्यात औषधखात्यात होता, अफगाण आणि शीख लढायांत फिरलेला, मग टपालखात्यात शिरला. मेरी जेन ही त्याची दुसरी बायको आणि तो तिचा दुसरा नवरा. तिचा पहिला नवरा, डॉक्टर डॉयल, १८५७ च्या धामधुमीत गेला. ती लहान मुलं घेऊन आग्र्याच्या किल्ल्यात अडकली होती. क्रिस्टोफर विल्यमचीही पहिल्या बायकोची मुलं होती. १८५९ मध्ये मसुरीजवळच्या लँडोरला दोघांनी लग्न केलं. म्हणजे नैनितालला पोचलं तेव्हाच हे भरलेलं घर होतं, आणि पुढे आणखी भरत गेलं. जिम १८७५ चा.

पोस्टमास्तरच्या पगारात एवढा बारदाना चालणं शक्यच नव्हतं. मेरी जेनने काय केलं, तर थोडी थोडी जागा घेतली, घर बांधलं, एखादं विकलं, एखादं ठेवलं, आणि मैदानातून येणाऱ्यांना सीझनपुरती भाड्याने द्यायला सुरुवात केली. मग लोक आपली घरंही तिच्यावर सोपवू लागले. नैनितालची पहिली इस्टेट एजंट म्हणून तिचं नाव घेतात. १८६० च्या दशकातली, लेकुरवाळी बाई! आणि मला वाटतं, नवऱ्याकडे टपाल असणं हा तिच्या धंद्याचा मोठा आधार असणार. कोण कधी येतंय, कुणाची बदली झाली, कुणाचं घर या वर्षी रिकामं राहणार, हे त्या गावात सगळ्यात आधी पोस्टात कळत असेल.

१८७८ मध्ये तो निवृत्त झाला. १८८० च्या सप्टेंबरात तळ्याच्या उत्तरेचा डोंगर कोसळला. यांचं घर तिकडेच आल्मा टेकडीवर होतं. ते वाचलं, पण त्या बाजूच्या जागेवरचा लोकांचा भरवसा उडाला. सात महिन्यांत, एप्रिल १८८१ मध्ये, क्रिस्टोफर विल्यम हृदयविकाराने गेला. जिम सहा वर्षांचाही नव्हता.

दुसऱ्यांदा विधवा झालेली ही बाई मग काय करते? तळ्याच्या समोरच्या अंगाला, अयारपाट्यावर, जमीन घेऊन घर बांधते. तेच गर्नी हाउस. थोरल्या टॉमला वडिलांच्या जागी पोस्टमास्तरकी मिळते, आणि ती आपला धंदा चालू ठेवते. १९२४ मध्ये वारली तोवर तिने त्या गावाच्या साठाहून जास्त वर्षांच्या सीझनांची ये-जा पाहिली होती.

मी ते घर बाहेरून पाहिलं. आता खाजगी मालकीचं आहे. उतरतं पत्र्याचं छप्पर, भोवती झाडी. तिथून परत फिरताना झाडांच्या फटीतून समोरचा शेर-का-डांडाचा उतार दिसतो, १८८० मध्ये कोसळला त्याच बाजूचा. ती रोज सकाळी तोच डोंगर बघत असणार, असं वाटून मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

---

निर्मोही

सुंदर लिहिलंय. कॉर्बेटची पारायणं केलीत, पण आईचा असा विचार केला नव्हता. एक विचारू? घरं भाड्याने देणं यात एवढं कठीण काय? चावी द्यायची, पैसे घ्यायचे. ज्याच्याकडे घर आहे तो बसून खातो, असाच माझा समज आहे.

---

किनारवाट

निर्मोही, तुमचा प्रश्न मनापासून आहे म्हणून सविस्तर सांगते. माझी आत्या दापोलीच्या बाजूला पर्यटकांना चार खोल्या देते, घरगुती जेवणासकट. गेली बावीस वर्षं. लहानपणापासून मे महिन्यात मी तिच्या हाताखाली असायचे.

तिची एक लांबुळकी लाल वही आहे. प्रत्येक खोलीचं एक पान. वर खोलीचं नाव, खाली यादी: उशा चार, अभ्रे आठ, पलंगपोस चार, बादली एक, तांब्या एक, पेले सहा, आरसा एक. पाहुणे गेले की ती स्वतः खोलीत शिरते आणि पेन्सिलीने खुणा करत जाते. पेला फुटलेला असेल तर काही बोलत नाही, फक्त सहाचे पाच करते आणि पुढच्या बाजाराच्या चिठ्ठीत 'पेला १' लिहिते. याच्याशिवाय चादरी उन्हात घालणं, टाकी भरली का बघणं, कौलं शाकारणं, गेल्या वर्षीच्या कुठल्या कुटुंबात आजोबांना जिना चढवत नाही हे लक्षात ठेवणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. लोक त्याच्यासाठी परत येतात.

आता हेच डोंगरावर नेऊन बघा. नैनितालची ही घरं सामानासकट भाड्याने जायची. सामान मैदानातून वर यायचं ते आधी बैलगाडीने पायथ्यापर्यंत आणि पुढे माणसांच्या पाठीवर किंवा घोड्या-खेचरांवर. काठगोदामला रेल्वे पोचली १८८४ मध्ये. म्हणजे मेरी जेनच्या धंद्याची पहिली वीस-बावीस वर्षं प्रत्येक पलंग, प्रत्येक काचेचं तावदान, प्रत्येक किटली कुणाच्या तरी पाठीवरून चढलेली. एक तावदान फुटलं तर पंधरा मिनिटांत आणता येईल अशातला भाग नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस, हिवाळ्यात बर्फ. सीझन संपला की घरं बंद करायची, रखवालदार ठेवायचे, पुढच्या वर्षी उघडून हवा द्यायची.

आणि ती स्वतःसुद्धा हिवाळ्यात तिथे नसायची. सगळं कुटुंब, कोंबड्या-बकऱ्यांपासून सगळा संसार घेऊन, खाली तराईच्या कडेला कालाढुंगीला उतरायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत वर. म्हणजे स्वतःची दोन बिऱ्हाडं, त्यात एवढी मुलं, आणि वर दुसऱ्यांच्या घरांचा हिशेब. बसून खाणं कुठे आहे यात?

---

डोंगरवाट

धागा आवडला, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'नैनितालचं आद्य कुटुंब' म्हटलं की आपण लगेच गोऱ्यांकडे जातो. कॉर्बेट मंडळी आली १८६२ मध्ये. त्याच्या वीस वर्षं आधी बॅरनचं 'पिलग्रिम लॉज' आणि सुरुवातीचे बंगले प्रत्यक्ष बांधले कुणी? मोतीराम शाह यांनी. अल्मोड्याकडच्या शाह लोकांपैकी हे, ठेकेदारी आणि सावकारी दोन्ही. बंगल्यांचा ठेका घेतलाच, पण तळ्याकाठी नैनादेवीचं मंदिरही त्यांनीच बांधलं, १८४२ च्या सुमारास.

ते मंदिर आज आहे त्या जागेवर नव्हतं. जिथे आता बोट क्लब आहे त्याच्या आसपास होतं. १८८० च्या दरडीत ते गाडलं गेलं. त्यांचा मुलगा अमरनाथ शाह यांनी १८८३ मध्ये आताच्या जागी पुन्हा बांधलं. मी दोनदा गेलोय तिथे. घंटांच्या ओळीखालून आत गेलं की समोर देवीचे डोळे. तळ्याचं नाव त्या डोळ्यांवरूनच.

माझं म्हणणं एवढंच. दगड कुठल्या खाणीतून काढायचा, चुना कुठे भाजायचा, देवदार कुठून आणायचा, मजूर कुठल्या गावातले, उधारी कुणाला द्यायची, हे ज्या घराला माहीत होतं त्या घराशिवाय एकही मेमसाहेब तिथे राहू शकली नसती. मेरी जेनच्या घरांच्या भिंतीही अशाच कुणीतरी उभ्या केल्या असतील ना?

---

किनारवाट

डोंगरवाट, अगदी मान्य, आणि माझ्या लेखात हे यायला हवं होतं. शाह कुटुंबाबद्दल मी मंदिरातच ऐकलं होतं, पण तो धागा बांधकामाच्या ठेक्यापर्यंत जातो हे लक्षात आलं नव्हतं. एकाने घर बांधलं, दुसरीने ते राहतं ठेवलं, असं मी आता या दोन घरांकडे एकत्र बघेन. तुम्ही शाह मंडळींवर वेगळा धागा काढा ही विनंती.

---

जुनाटपाल

टपालखात्यात छत्तीस वर्षं काढली, म्हणून पोस्टमास्तरविषयी दोन शब्द.

किनारवाट यांनी पोस्टाचा आणि घरभाड्याचा संबंध जोडला तो मला शंभर टक्के पटतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या छोट्या गावांत पोस्टमास्तर होतो. मुंबईच्या मनीऑर्डरी कुणाला येतात, कुणाच्या थांबल्या, कुणाच्या घरी या वर्षी गणपतीला कुणी येणार नाही, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांआधी कळायचं. तोंड बंद ठेवायचं हा या नोकरीचा पहिला धर्म. पण माणसं आपणहून विचारायला येतातच. "मास्तर, अमक्याचं घर रिकामं आहे का हो?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल!

त्या काळात डोंगरात टपाल म्हणजे हरकारे, पायी टपाल नेणारी माणसं. हातात भाला, भाल्याला घुंगरं. आवाजाने जनावर बाजूला व्हावं आणि पुढच्या टप्प्यावरच्या माणसाने तयार राहावं म्हणून. रेल्वे यायच्या आधी नैनितालला मैदानातून चढायचा एक मुख्य रस्ता मुरादाबादकडून कालाढुंगीवरून वर जायचा. कालाढुंगी म्हणजे त्या वाटेवरचा मुक्काम. तिथे एके काळी लोखंड गाळायचा कारखानाही होता. पोस्टमास्तर कॉर्बेटला तिथेच जमीन मिळाली, कमिशनर हेन्री रॅमसेच्या कृपेने. माझ्या नजरेला ते अगदी चोख बसतं. वर तळ्याकाठी उन्हाळ्याचं गिऱ्हाईक, खाली वाटेवर हिवाळ्याचं घर. रेल्वे काठगोदामला गेली आणि तो रस्ता ओस पडत गेला, कालाढुंगीची रयाच गेली. पण यांची खालची जमीन हातात राहिली.

तल्लीतालला तळ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या बांधाला 'डांठ' म्हणतात, आणि तिथेच आजचं पोस्ट आहे. मी आणि सौ. गेलो होतो तेव्हा खास त्या पोस्टातून स्वतःलाच एक पत्र टाकलं. आठव्या दिवशी घरी पोचलं. शिक्का स्पष्ट उमटलाय. जपून ठेवलंय.

---

गिरीमित्र

मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून १८८० वर.

ही दरड अचानक आभाळातून पडली नव्हती. त्याच आल्मा टेकडीवर १८६६ मध्ये एक घसरण झाली होती आणि १८७९ मध्ये तिथेच त्याहून मोठी. म्हणजे कॉर्बेट कुटुंब तिकडे राहत असताना डोंगराने दोनदा सांगितलं होतं. खाली ठिसूळ, चुरा झालेली पाटीच्या दगडाची जात, वर बांधकामासाठी कापलेला उतार, तोडलेली झाडं, आणि पाणी जायला नीट वाट नाही.

सप्टेंबर १८८० मध्ये १६ तारखेपासून पाऊस लागला. सुमारे ३३ इंच पडला, त्यातला बराचसा चाळीसेक तासांत. शनिवारी, १८ ला, सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलमागे एक छोटी दरड आली आणि काही माणसं गाडली गेली. त्यांना काढायला सैनिक, अधिकारी, मजूर, गावातली माणसं धावली. खोदकाम चालू असतानाच दुपारी दीडच्या सुमारास वरचा अख्खा उतार सुटला. हॉटेल, नैनादेवीचं मंदिर, बेल नावाच्या साहेबाचं दुकान, असेंब्ली रूम्स, काही सेकंदांत सगळं तळ्याकडे. १५१ माणसं गेली, त्यांत १०८ हिंदी आणि ४३ युरोपीय. मदतीला धावलेलेच त्यात बहुसंख्य, हे वाचून मला दर वेळी गलबलतं. सेंट जॉन चर्चमध्ये पितळी पाटी आहे. तिथे नावं वाचता येतात, पण बहुतेक हिंदी मजुरांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

आज मल्लीतालला ज्या 'फ्लॅट्स'वर फुटबॉलचे सामने होतात, भुट्टे मिळतात, तो सपाट भाग त्या मलब्याने वाढलेला आहे. हे माहीत नसताना मी तिथे बसून मॅगी खाल्ली होती. कळल्यावर तिथे पुन्हा निवांत बसता आलं नाही.

त्यानंतर सरकारने डोंगरावर दगडी नाल्यांचं जाळं बांधलं, बांधकामावर बंधनं आणली. तरी १८९८ मध्ये तळ्याच्या खाली, बलिया नाल्याच्या बाजूला, दरड येऊन तिथली ब्रुअरी गेली. त्यातही अठ्ठावीस माणसं गेली. आणि आपल्या काळात, ऑगस्ट २०१८ मध्ये, लोअर मॉल रोडचा तुकडा तळ्यात बसला. नाले अजून आहेत, पण त्यांत प्लास्टिक आणि बांधकामाचा राडारोडा किती भरलाय ते जाऊन बघा. ज्यांना नैनितालबद्दल जिव्हाळा आहे त्यांनी हॉटेल निवडताना ते कुठल्या उतारावर आहे एवढं तरी विचारावं, ही कळकळीची विनंती.

मेरी जेनने अयारपाटा निवडला ही मला तिची सगळ्यात शहाणी चाल वाटते. ती बाजू चुनखडीची, त्यामानाने पक्की. तिने खडक ओळखून निवडलं की डोळ्यांसमोर झालेलं बघून, काही असो. तिचं घर आज दीडशे वर्षांच्या जवळ आलं तरी उभं आहे.

---

नेरळकर_मंदार

हे वाचताना आमचं माथेरान आठवलं. तिथेही तळं आहे, शार्लोट. तिथलं पाणी गाव पितं. आणि तिथेही एका कुटुंबाने गावाचं नशीब बदललं: पीरभॉय. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान गाडी बांधली. १९०४ ते १९०७, सोळा लाख रुपये खर्च. माझे पणजोबा त्या कामावर माती वाहायला होते, असं घरात सांगतात.

फरक मला असा दिसतो की पीरभॉय मंडळींनी एक मोठं काम केलं आणि ते रुळांच्या रूपाने सगळ्यांना दिसतं. मेरी जेनने साठ वर्षं बारीक बारीक काम केलं. त्याला रूळ नाहीत, दाखवायचं काय?

---

शुभदा_पुणे

मी कालाढुंगीला जाऊन आलेय, २०१९ मध्ये, म्हणून खालच्या घराबद्दल सांगते.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या लोक एक करतात. वडिलांच्या काळातलं हिवाळी घर 'अरंडेल', त्याचे आता अवशेष उरलेत. आणि जिमने स्वतः १९२२ मध्ये बांधलेलं घर, जे आता कॉर्बेट संग्रहालय आहे. त्याच्याच शेजारी छोटी हल्द्वानी गाव. १९१५ मध्ये जिमने ही २२१ एकर पडीक जमीन घेतली आणि कुळं वसवली.

गावाभोवती दगडी भिंत आहे, सुमारे सात किलोमीटर. रानडुकरं आणि हरणं पिकात शिरू नयेत म्हणून. आमच्यासोबत गावातलीच एक ताई होती, वाटाड्या म्हणून काम करते. भिंतीच्या एका ठिकाणी थांबून ती म्हणाली, "हे बघा, इथे दगड वेगळा आहे." खरंच, जुन्या गोलसर दगडांत मध्येच पाच-सहा फूट तुकडा नवीन, कोपरे तासलेला. पडलेला भाग गावकऱ्यांनीच पुन्हा रचला होता. तिने त्या दगडावर हात ठेवला तो अगदी घरच्या उंबऱ्यावर ठेवावा तसा.

देश सोडून गेल्यावरही जिम या गावाचा शेतसारा स्वतः भरत राहिला, हे तिथे प्रत्येकजण सांगतो. मला त्यात आईची शिकवण दिसते. कुळं, भाडेकरू, घर, राखण, हिशेब, हे सगळं तो लहानपणापासून बघत वाढला होता.

---

निर्मोही

माझा आधीचा प्रश्न मागे घेतो. किनारवाट, आत्यांच्या वहीने माझे डोळे उघडले. आमच्या आईनेही गिरगावातल्या खोलीत पेइंग गेस्ट ठेवले होते आणि मी कधी तिला विचारलं नाही की हे तू कसं सांभाळतेस.

आता जिमचं सांगा. त्याने आईचा धंदा पुढे नेला का?

---

किनारवाट

निर्मोही, आईंशी आता बोलता येत असेल तर जरूर बोला.

जिमची सुरुवात वेगळीकडे झाली. अठराच्या आसपास रेल्वेत लागला, मग बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर माल एका गाडीतून दुसरीत चढवायचा ठेका घेतला. एका काठाला ब्रॉडगेज, दुसऱ्या काठाला मीटरगेज, मध्ये नदी. वर्षाला लाखो टन माल, सगळा हमालांच्या डोक्यावरून. वीसेक वर्षं तिथे काढली आणि घरी पैसे पाठवले. त्याच्या हमालांबद्दल त्याने जे लिहिलंय ते मला त्याच्या वाघांपेक्षा जवळचं वाटतं.

नैनितालमध्ये 'एफ. ई. जी. मॅथ्यूज अँड कंपनी' नावाची पेढी होती. लोखंडी सामान, घरबांधणीचं साहित्य आणि घरांची दलाली, तिन्ही एका छपराखाली. त्यात जिम भागीदार झाला. म्हणजे आईचाच धंदा, आता दुकानाच्या पाटीसह. घर भाड्याने देणाऱ्याला कडी-कोयंडा, पत्रा, खिळे लागतातच, ते आपल्याच दुकानातून. गोऱ्यांच्या त्या उतरंडीत, इथेच जन्मलेल्या आणि दुकानदारी करणाऱ्या माणसाला साहेबलोक खालच्या पायरीवर धरायचे. तरी हाच माणूस नगरपालिकेत निवडून गेला आणि तळ्याकाठचा बँडस्टँड त्याने गावाला बांधून दिला. तो आजही आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे शाळेची मुलं ढोल वाजवत होती.

पुढे पर्सी विंडहॅम या जुन्या कमिशनरबरोबर टांगानिकात (आजच्या टांझानियात), किलिमांजारोच्या बाजूला, कॉफीचा मळा. आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये गर्नी हाउस विकून तो आणि बहीण मॅगी केनियाला निघून गेले, कायमचे. आठ दशकांपेक्षा जास्त काळ तळ्याकाठी चाललेलं हे बिऱ्हाड तिथे आवरलं. दोघंही अविवाहितच राहिले होते. त्या घराच्या वस्तूंची शेवटची यादी कुणी केली असेल, तर माझी खात्री आहे की ती मॅगीनेच. आईच्या हाताखाली तीच होती.

---

डोंगरवाट

शाह मंडळींवरचा धागा लिहायला घेतोय. पंधरा दिवस द्या. अमरनाथ शाह यांच्यावर जे आहे ते नीट वाचून मगच टाकतो.

---

जुनाटपाल

डोंगरवाट, वाट बघतो. मेरी जेनच्या पत्रव्यवहाराविषयी वाचायला मिळालं तर तेही टाका. सीझन ठरवणारी पत्रं फेब्रुवारी-मार्चातच सुटत असणार, आणि ती कालाढुंगीहून.

---

किनारवाट

काल आत्याला हा अख्खा धागा फोनवर वाचून दाखवला. मध्ये एकदाही बोलली नाही, नुसतं 'हं' करत होती. दरडीच्या ठिकाणी मात्र मला थांबवून ते पुन्हा वाचायला लावलं, आणि शेवटी गिरीमित्र यांना नमस्कार सांग म्हणाली.

मग म्हणाली, "आपल्याकडे जून ते सप्टेंबर खोल्या बंद असतात तर गणपतीआधी उघडल्यावर गाद्यांना किती वास येतो. त्यांच्याकडे तर बर्फ. चार-पाच महिने कुलूप. आणि त्या काळात कापसाच्या गाद्या, लोकरीच्या रजया. मार्चात वर जाऊन घरं उघडायची आणि एप्रिलात पाहुणे हजर. मध्ये ऊन किती दिवस मिळत असेल? ती बाई ओल काढायची कशी? आधी कालाढुंगीहून माणसं पाठवून शेकोट्या पेटवायची का?"

कुमाऊंमधलं जुनं घर कुणी जवळून पाहिलेलं असेल, तिथे हिवाळ्यानंतर घर कसं उघडतात ते माहीत असेल, तर कृपया इथे लिहा. आत्याने लाल वहीच्या मागच्या पानावर जागा सोडून ठेवली आहे.